अहवाल मागच्या पानांकडून

बीएमएमच्या (बॅचलर ऑफ मास मीडिया) तिसऱ्या वर्षाला मी वृत्तपत्रविद्येची शाखा घेतली, तेव्हा अर्थविषयक पत्रकारितेच्या वाट्याला अभ्यासक्रमात निम्मा पेपर होता. उरलेला निम्मा नियतकालिकांचा. मुंबई विद्यापीठाने 2000 साली सुरू केलेली ही पदवी बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवली जाई. मराठी माध्यम मोजक्याच महाविद्यालयांत होतं आणि त्यांतल्या एकात मला जागा मिळाली होती. वर्ष 2010-11. मी रायगडातल्या रेवसची. घरात होडी, बाबा आणि भाऊ दर्यावर, आई मासळी विकायला. शेअर बाजार हा आमच्या घरात रेडिओवरच्या बातम्यांच्या शेवटी येणारा एक आकडा होता. तो वर गेला काय आणि खाली आला काय, कुणी मान वर करून बघत नसे.

राहायचे मामाकडे, लालबागला. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरायची. गेटवे-मांडवा पावसाळ्यात बंद होतं, आमची लाँच मात्र पावसातही चालते, त्यामुळे अलिबागकडचे, पेणकडचे पुष्कळ लोक तेव्हा आमच्या बाजूने येत. तासा-सव्वा तासाच्या त्या प्रवासात बोलणी व्हायची ती जमिनीची. महामुंबई सेझवरून उरण-पेण-पनवेलमध्ये उठलेलं आंदोलन, 2008 साली पेणच्या 22 गावांत घेतलेलं जनमत, कुणी जमीन दिली, कुणाला किती भाव मिळाला, कुणी त्या पैशाची गाडी घेतली. प्रत्येकाकडे आकडा असायचा आणि दोघांचे आकडे कधी जुळायचे नाहीत. वर्तमानपत्रातही जुळत नसत. अर्थपत्रकारितेच्या तासाला मी कान टवकारून बसायचे, त्याचं कारण हे होतं. हे आकडे तपासायचे कसे, हे मला कुणीतरी शिकवायला हवं होतं.

शिकवायला येणारे सर एका दैनिकाच्या अर्थविभागात काम करत. सकाळी आमचा तास घेऊन ते कचेरीत जात. पहिल्याच तासाला त्यांनी एका कंपनीचा वार्षिक अहवाल आमच्या हातात ठेवला. गुळगुळीत कागद, अध्यक्षांचं निवेदन, हसऱ्या कामगारांची छायाचित्रं. ती पानं त्यांनी उघडूच दिली नाहीत. म्हणाले, मागून वाचायला घ्या. आधी लेखापरीक्षकाचं मत, त्यात कुठे ‘परंतु’ आहे का ते पाहा. मग हिशेबावरच्या टिपा. मग संचालकांच्या नात्यातल्या आणि मालकीच्या संस्थांशी झालेले व्यवहार. मग कोर्टात अडकलेली, उद्या अंगावर येऊ शकतील अशी देणी. नफा-तोटा पत्रक सगळ्यात शेवटी. अध्यक्षांचं निवेदन वेळ उरला तर.

नफा दिसतो पण रोकड का दिसत नाही, हे त्यांनी समजावलं तेव्हा मला ते इतरांच्या आधी कळलं, कारण आमच्या घरी तेच चालायचं. बाबांची मासळी धक्क्यावरच्या व्यापाऱ्याकडे जायची, वहीत रक्कम चढायची, पैसे महिन्याने यायचे, आणि मधल्या काळात डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी मात्र रोख द्यावी लागायची. वहीप्रमाणे हंगाम चांगला आणि हातात काही नाही. कंपनीच्या ताळेबंदात याला येणी म्हणतात. विक्रीपेक्षा येणी जास्त वेगाने वाढत असतील तर तिथे बोट ठेवून प्रश्न विचारायचा, हा नियम मी त्या दिवशी वहीत लिहून घेतला. आजही तोच पहिला प्रश्न विचारते.

28 फेब्रुवारी 2011 रोजी प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्प मांडला. वर्गात दूरचित्रवाणी संच आणला होता आणि भाषण संपल्यावर तासाभरात चारशे शब्दांची मराठी बातमी द्यायची होती. बहुतेकांनी काय स्वस्त, काय महाग अशी यादी केली. सरांनी ते सगळे कागद बाजूला ठेवले आणि अर्थसंकल्पाची कागदपत्रं कशी वाचायची ते दाखवलं. तिथे शेजारी शेजारी रकाने असतात: मागल्या वर्षीचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी या रकान्यांच्या मधल्या फरकात असते. त्या वर्षी पुढच्या वर्षाची राजकोषीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या 4.6 टक्के राहील असं सांगितलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानांवर तेच छापलं गेलं. वर्षभराने सुधारित अंदाजात तोच आकडा 5.9 टक्के झाला. ज्यांनी पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापला होता, त्यांच्यातल्या किती जणांनी दुसरा तेवढ्याच अक्षरांत छापला, हे वाचकांनी आपापल्या वर्तमानपत्रात शोधून पाहावं. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकालाही हेच रकाने असतात. ते मला पुढे अलिबागला बातमीदारी करताना उमजलं, आणि त्यानंतर अंदाजपत्रकाची बातमी देताना मी मागल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च विचारल्याशिवाय पंचायतीतून उठले नाही.

असे बारीक धडे पुष्कळ होते. 2011च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.25 वरून 6.50 टक्क्यांवर नेला, तेव्हा सरांनी दोन-तीन वर्तमानपत्रांची कात्रणं आणली. दरात पाव टक्का वाढ, असं सगळ्यांनी छापलं होतं. वाढ पाव टक्केबिंदूची होती. टक्केवारीत मोजली तर मूळ दराच्या चार टक्के. ज्याच्या घरावर कर्ज आहे त्याला हा फरक नीट सांगितला पाहिजे, असं सरांचं म्हणणं. एकदा दलाल स्ट्रीटलाही नेलं. शेअर बाजाराचं जीजीभॉय टॉवर्स खालून पाहिलं, वर जाऊन पडद्यावरचे आकडे पाहिले. जुन्या काळी ओरडून सौदे व्हायचे ती पद्धत 1995 सालीच संपली होती, तेव्हा बघण्यासारखं फार काही नव्हतं. मुलं मात्र तिथेच सर्वांत जास्त रमली. अर्थपत्रकार म्हणजे बाजारावर बोलणारा, हे चित्र तिथून पक्कं होतं, आणि मला त्या शिक्षणाची सर्वांत मोठी उणीव तीच वाटते.

1992 चा रोखे घोटाळा आम्ही तीन तास शिकलो. 23 एप्रिल 1992 रोजी टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची बातमी आली आणि हर्षद मेहताचं प्रकरण उघड झालं, एवढं सर्वांना ठाऊक होतं. सरांना पुढचं सांगायचं होतं. सरकारी रोख्यांच्या सौद्यात बँका प्रत्यक्ष रोख्यांऐवजी एकमेकींना पावत्या देत. बाजारात त्यांना बीआर म्हणत, म्हणजे बँक रिसीट. त्या पावतीमागे रोखे असायला हवेत. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन लहान बँकांच्या पावत्यांमागे रोखेच नव्हते. मोठमोठ्या बँकांनी त्या पावत्यांवर पैसे दिले होते. ही कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय ती बातमी लिहिताच आली नसती. सुचेता दलाल या संख्याशास्त्र आणि कायदा शिकलेल्या. पत्रकारितेची पदवी नसली तरी चालेल, पावती कशाची आहे हे विचारण्याची सवय मात्र हवीच, असं सर म्हणाले. पत्रकारितेच्याच वर्गात उभं राहून ते हे म्हणाले, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आणि मग पेण. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले होते. जवळपास दोन लाख ठेवीदार, त्यांतले बहुतेक आमच्याच जिल्ह्यातले. बनावट कर्जखात्यांतून पैसा बाहेर गेल्याचं लेखापरीक्षणात पुढे आलं. शनिवारच्या लाँचवर आता जमिनीऐवजी या बँकेचंच बोलणं चाले. पेणचे गणपती घडवणारे कारागीर, शिक्षक, निवृत्त एसटी कर्मचारी, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेली माणसं. सरांनी वर्गात विचारलं, रायगडचं कोण आहे? मी हात वर केला आणि प्रकल्पाचा विषय ठरला.

त्या प्रकल्पासाठी मी सहकारी बँकेची रचना पहिल्यांदा समजून घेतली. बँक म्हणून रिझर्व्ह बँकेचा अंमल, सहकारी संस्था म्हणून सहकार निबंधकाचा अंमल, ही दुहेरी व्यवस्था 1966 पासूनची. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला पुरेशी जागा. ठेवींच्या विम्याचा इतिहासही तेव्हाच वाचला, आणि त्याचं मूळ महाराष्ट्रात सापडलं. 1960 साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून बँक ठेवींना विमा मिळाला. सुरुवातीला संरक्षण दीड हजार रुपयांचं होतं. 1993 साली ते एक लाख झालं आणि तिथेच थांबलं. पेणच्या ठेवीदारांच्या वेळी मर्यादा एक लाखच होती. पुढे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे खातेदार 2019 च्या सप्टेंबरपासून रस्त्यावर आले, तेव्हा कुठे 4 फेब्रुवारी 2020 रोजी ती पाच लाखांवर गेली. सत्तावीस वर्षं एक आकडा तसाच राहतो आणि त्याची बातमी होत नाही, याचं मला आजही दुःख आहे. बदललेला आकडा सगळे छापतात. न बदललेल्या आकड्याकडे लक्ष ठेवणारं माणूसही वर्तमानपत्रात हवं.

पदवीनंतर मी मुंबईत राहिले नाही. अलिबागला एका स्थानिक पत्रात लागले, आता स्वतंत्रपणे लिहिते. इथे ‘अर्थ’ नावाचं पान नसतं. गुन्हे, राजकारण, अपघात, सत्कार. पैशाची बातमी या सगळ्याच्या आत दडलेली असते आणि ती बाहेर काढायला वेळ कुणी देत नाही.

माझी आत्या बोडणीला दिलेली. सुकी मासळी विकते. रोज गोळा करणाऱ्या एजंटाकडे ती एका पतसंस्थेत पैसे भरायची आणि पुरेशी रक्कम झाली की मुदत ठेव करायची. पेणच्या बातम्या तिच्या कानावर होत्या. एकदा मला विचारलंन, “बाय, आपलं पैसं बुडलं तर सरकार देईल ना गो?” पतसंस्था म्हणजे बँकच, असं तिला वाटत होतं, आणि गावात जवळजवळ सर्वांना तसंच वाटतं. पतसंस्थेच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. एक लाखाचं नाही, पाच लाखांचंही नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मंग त्या बोर्डावर आसा का लिवत नाय?”

तिच्या त्या प्रश्नासाठी मी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मिळवला. सभासदाला तो मागता येतो, आत्या सभासद होती. मागच्या पानापासून वाचला. लेखापरीक्षणाचा वर्ग बरा होता. थकबाकी मागल्या दोन वर्षांपेक्षा वाढलेली. राखीव निधी आणि त्याची गुंतवणूक कुठे आहे हे एका ओळीत उरकलेलं. संचालक आणि त्यांच्या नातेवाईकांना दिलेल्या कर्जाचं परिशिष्ट होतं, पण रकमेचा रकाना अपुरा. वार्षिक सभेत आत्याच्या शेजारच्या काकांनी याबद्दल विचारलं आणि उत्तर मिळालं की पुढल्या वर्षी देऊ. मी कुणाचंही नाव न घेता, पतसंस्थेचा अहवाल कसा वाचावा आणि ठेवीला विमा कुठे असतो, कुठे नसतो, असा साधा लेख लिहिला. कात्रण खिशात घालून लोक विचारायला आले. आत्याने निम्मी रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत हलवली, निम्मी तिथेच ठेवली, कारण एजंट तिच्या ओळखीचा आणि व्याज जास्त. ती पतसंस्था आजही चालू आहे.

मार्च 2022 मधली गोष्ट मला जास्त सविस्तर सांगायची आहे, कारण वर्गातलं सगळं शिक्षण तिथे एकदम कामाला आलं. 24 फेब्रुवारीला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि कच्चं तेल भडकलं. आपल्याकडे पंपावरचे दर मात्र 4 नोव्हेंबर 2021 पासून गोठलेले होते. पाच राज्यांच्या निवडणुका मध्ये होऊन गेल्या. तोटा भरून काढायला कंपन्यांनी घाऊक ग्राहकांचं डिझेल लिटरमागे 25 रुपयांनी महाग केलं. मुंबईत घाऊक दर 122 रुपये 5 पैसे झाला, पंपावरचा दर 94 रुपये 14 पैसे. मुंबईच्या अर्थपानांनी बातमी दिली: कारखाने, मॉल, बसगाड्यांच्या ताफ्यांना फटका. बरोबरच होती ती. पण घाऊक ग्राहकांच्या यादीत आणखी कोण बसतं, हे तिथे नव्हतं.

मच्छीमार सहकारी संस्थांचे बंदरावर स्वतःचे डिझेल पंप असतात. तेल कंपनीच्या लेखी अशी संस्था म्हणजे घाऊक ग्राहक. म्हणजे मर्सिडीजमध्ये भरायचं डिझेल 94 रुपयांना आणि भावाच्या होडीत भरायचं 122 ला. शासन यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा देतं, पण तो असा: आधी पूर्ण दराने पैसे भरायचे, पावत्या जमवायच्या, संस्थेमार्फत मत्स्यव्यवसाय खात्याकडे प्रस्ताव द्यायचा, मग निधी आला की पैसे. संस्थेच्या सचिवांनी मला बिलं दाखवत सांगितलं की रस्त्यावरच्या पंपावरून कॅनने डिझेल आणलं तर ते स्वस्त पडतं, पण मग परताव्यावर पाणी सोडावं लागतं. दोन्हीकडून कोंडी.

मी दोन्ही दरांची बिलं समोर ठेवून हिशेब मांडला. लिटरमागे फरक 27 रुपये 91 पैसे. एका फेरीला दोनशे लिटर डिझेल लागतं असं धरलं तर पाच हजार पाचशे ब्याऐंशी रुपये, आणि तेसुद्धा जाळ्यात काही सापडण्याआधी. भाऊ म्हणाला, एवढे तर कधी कधी फेरीचे उरत नाहीत. किनाऱ्यावर होड्या उभ्या राहू लागल्या होत्या, ते ‘मासे मिळत नाहीत म्हणून’ असं लोक समजत होते. बातमी मी या दोन दरांपासून सुरू केली. बिलाचा आकडा, परताव्याची पद्धत, परतावा किती काळ थकला ते, मग भाव का वाढला याचं जागतिक कारण. कुणाचा संताप छापला नाही. हिशेब छापला. जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थांनी तेच कोष्टक आपापल्या निवेदनाला जोडलं, हे मला नंतर कळलं आणि खूप बरं वाटलं.

रेवस-करंजा पुलाचंही तसंच. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून हा पूल आमच्या लोकांनी ऐकला आहे. आता रस्ते विकास महामंडळाने तो रेवस-रेड्डी सागरी महामार्गात पुन्हा हाती घेतला. इतक्या वर्षांत त्याच्या खर्चाचे जितके आकडे छापून आले, त्यांतल्या फारच थोड्यांसोबत तो कोणत्या सालच्या दराने, भूसंपादन धरून की सोडून, हे लिहिलेलं असतं. या दोन शब्दसमूहांशिवाय पुलाचा आकडा छापू नये. बंदराच्या आणि प्रकल्पांच्या बातम्यांनाही हाच नियम लावावा, कारण आमच्याकडे त्या आकड्यावर लोक जमिनीचा भाव ठरवतात आणि सातबाऱ्यावरचं नाव बदलतं.

बीएमएमचं नाव पुढे बदललं, अभ्यासक्रम बदलला आणि अर्थविषयक पत्रकारिता स्वतंत्र ऐच्छिक विषय झाली. चांगलं झालं. पण मी अधूनमधून अलिबागला विद्यार्थ्यांशी बोलते तेव्हा दिसतं की सेन्सेक्स, म्युच्युअल फंड, सेबी हे त्यांना येतं; पतसंस्थेचा लेखापरीक्षण वर्ग, मच्छीमार संस्थेचा परतावा, खारभूमीच्या बांधाचं अंदाजपत्रक, वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला थेट आलेला निधी यांतलं काही ठाऊक नसतं. यांतलं काहीही शेअर बाजारापेक्षा सोपं नाही. मराठीत पाठ्यपुस्तकं कमी आहेत, आणि आहेत त्यांतली उदाहरणं बहुधा मोठ्या कंपन्यांची. विद्यापीठाने हा विषय शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा आणि एका ग्रामपंचायतीचा अहवाल वाचून बातमी लिहायला लावावी. गुण त्यालाच द्यावेत. दलाल स्ट्रीटची सहल नाही झाली तरी चालेल.

वाचकांनाही एक विनंती आहे. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला लागते. तुम्ही सभासद असाल तर सभेच्या आधी अहवाल मागून घ्या, मागच्या पानांपासून वाचा, थकबाकी आणि संचालकांची कर्जं पाहा, ठेवीला विमा आहे का ते लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर तो अहवाल तुमच्या तालुक्याच्या बातमीदाराला नेऊन द्या.